मदत हवी आहे: लाइव्ह पोकरमध्ये चिप्स कशा हाताळायच्या?
ऑनलाइन पोकर भरपूर खेळलोय, आता पहिल्यांदाच कॅसिनोत टेबलवर बसणार आहे. पत्त्यांचं टेन्शन नाही, चिप्सचं आहे.

थोडं वाचून ठेवलंय. समोरच्याची बेट 200 असताना न बोलता 1000ची एकच चिप पुढे ठेवली तर तो कॉलच (तेवढीच बेट लावणं) धरतात, रेज (बेट वाढवणं) नाही. रेज करायचा तर आधी तोंडाने सांगायचं, आणि एकदा बोललं की मागे फिरता येत नाही. न बोलता दोन हप्त्यांत चिप्स सरकवल्या तर ती स्ट्रिंग बेट, म्हणजे चालत नाही. आपल्या ढिगात मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे ठेवायच्या, सगळ्यांना दिसतील अशा. पॉटमध्ये (सगळ्यांच्या बेटांच्या मधल्या ढिगात) चिप्स भिरकावायच्या नाहीत (सिनेमात सर्रास भिरकावतात!).

अडतंय ते वेगळंच. टेबलवर रेघ असेल तर चिप्स धरलेला हात पलीकडे गेला की बेट झाली, की चिप्स सोडल्यावर? डाव चालू असताना आपल्याकडच्या चिप्समध्ये नव्या विकत घेऊन भर घालता येत नाही, मग दोन डावांच्या मध्ये डीलरकडेच मागायच्या की कॅशियरकडे जायचं? आणि डीलरला टिप म्हणून द्यायची चिप त्याच्या हातात देतात की पुढे सरकवतात?

नेहमी खेळणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा. "जागेप्रमाणे बदलतं" एवढ्यावर सोडू नका, प्लीज. बसण्याआधी नेमकं काय विचारून घेऊ?