मदत हवी आहे: तीन-चार किलोमीटर गेलं की बाईक आचके देऊन बंद पडते

जुनी कार्बोरेटरवाली १०० सीसी बाईक आहे. सकाळी दोन किकमध्ये सुरू होते, आयडलिंगही छान. पण तीन-चार किलोमीटर टॉप गिअरमध्ये पळवली की आचके देते आणि बंद. पाच मिनिटं उभी ठेवली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. बंद पडायच्या बेतात चोक ओढला (हवा कमी, पेट्रोलचं प्रमाण जास्त) तर क्षणभर सावरते, म्हणजे पेट्रोलच कमी पोचतंय असा माझा अंदाज.

कार्बोरेटर खोलून मेन जेट, पायलट जेट (पेट्रोल जायची बारीक छिद्रं) हवा मारून साफ केले (तार घातली नाही, ती चूक एकदा करून झालीय). फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी) तळाशी तांबूस गाळ निघाला. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय का बघायला टाकीचं झाकण सैल ठेवून चालवली, फरक शून्य. मग नळी काढून बाटलीत पेट्रोल सोडलं: आधी जोरदार धार, मिनिटभरात सुतासारखी. रिझर्व्हवरही तेच.

कॉकच्या (टाकीखालची पेट्रोलची तोटी) जाळीवर गंज येऊन बसत असेल का? नुसता कॉक बदलून भागेल की आधी टाकीच धुवावी लागेल? आणि फ्लोटची सुई (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल सोडते-अडवते ती) अडकतेय का, हे घरी कसं तपासायचं? कुणी हे निस्तरलं असेल तर सांगा.