अभ्यासाची खोली: गडद निळी की हस्तिदंती?

धागाकर्ती: खोली दहा बाय अकरा, खिडकी एकच, थेट ऊन कधीच येत नाही. मला चारही भिंती गडद निळ्या हव्यात, नवऱ्याला हस्तिदंती. दोन आठवडे शेडकार्डावरून वाद चाललाय. बोला.

ठिपका: नवऱ्याच्या बाजूने. रंग किती उजेड परत टाकतो त्याचा एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० ते १००. हस्तिदंती बहुधा सत्तरच्या पुढे, गडद निळा दहाच्या आसपास. तुमच्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागेल.

रातवा: पण ऊन नसलं तर हस्तिदंतीही खुलत नाही हो! नुसत्या आभाळाच्या निळसर उजेडात तो मळकट दिसतो. आम्ही तीन वर्षं तसल्या आजारी भिंती बघितल्या, मग निळा मारला. आता रात्री पिवळा दिवा लावला की कोपरे अंधारात विरतात. गडद रंगाने खोली लहान वाटते म्हणे, आम्हाला तरी नाही वाटली.

ठिपका: आणि खुर्चीची पाठ घासून उठणारे पांढरे ओरखडे? टचअप केलं की ठिगळ दिसतं. उद्या कंटाळा आला तर आधी प्रायमर, वर दोन-तीन हात.

रातवा: ओरखड्यांचं मान्य. मॅटवर तर जास्तच उठतात. पण चमकदार घेतला तर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो, म्हणून मॅटच.

जुना रंगारी: शेडकार्डाच्या चौकोनावर भांडू नका, तोच रंग भिंतभर अधिक भडक दिसतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती, तिथल्या शेवरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोधलं तर रंग ठीक, दोष शेजारच्या धाग्यांचा! १८३९ साली त्याने त्यावर ग्रंथच लिहिला.

धागाकर्ती: दोन्ही पुठ्ठे करून पाहिले. दुपारी हस्तिदंती खरंच मळकट. निळा २७०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर दिव्याखाली मखमलीसारखा, ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली मात्र थंडगार. छत पांढरं ठेवायला मी तयार आहे.

ठिपका: पण दुपारी वाचायला तिथे बसणार कोण?

धागाकर्ती: तो. हा मुद्दा त्याला अजून सुचलेला नाही.