आर्मेनियाला आधी फावडी हवीत, ड्रोन नंतर

गनर_देवळाली:
काल इथे एका सदस्याने लिहिलं: "आर्मेनियाने भारताच्या पिनाका रॉकेटांत, आकाश क्षेपणास्त्रांत आणि तोफांत पैसा बुडवला. २०२० साली ड्रोननी हरवलं ना? मग सगळा पैसा ड्रोनमध्ये घाला. लहान सैन्याला दुसरा मार्ग नाही." त्याला भरपूर वाहवा मिळाली म्हणून हे लांबलचक उत्तर.

२०२० च्या नागोर्नो-काराबाख युद्धाच्या त्या ४४ दिवसांत काय झालं ते आठवा. अझरबैजानने जुनी अँतोनोव्ह-२ विमानं मानवरहित करून पुढे सोडली. ती पाडायला आर्मेनियाच्या ओसा या विमानविरोधी क्षेपणास्त्र-गाडीने रडार चालू केलं की तिची जागा उघड व्हायची. मग वरून हारोप हे लक्ष्यावर आदळून फुटणारं ड्रोन यायचं, नाहीतर बायरक्तार या तुर्की ड्रोनमधून २२ किलोचा एमएएम-एल बॉम्ब. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण दोनशेहून जास्त रणगाडे गेल्याचे फोटो-व्हिडिओ आहेत, ते नीट बघा. बरेच रणगाडे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या मातीच्या खड्ड्यात उभे आहेत, तीन बाजूंनी बंद आणि वरून उघडे. खंदक कड्याच्या माथ्यावर, त्यांना छप्पर नाही. कुमक एकाच रस्त्याने, दिवसाढवळ्या, ट्रकच्या रांगेत.

बायरक्तार विकत घेऊन यातलं काय बदललं असतं?

मोर्चाचं, म्हणजे सैनिकांच्या खंदकातल्या आसऱ्याचं, छप्पर म्हणजे १८-२० सेंमी जाडीचे ओंडके, त्यावर प्लास्टिक, त्यावर अर्धा ते एक मीटर माती. प्लास्टिक विसरलं तर वसंतात बर्फ वितळताना माती पाणी पिते आणि ओंडके वाकतात. दार काटकोनात वळवायचं. वळणाच्या सरळ पुढे आंधळी खोबण ठेवायची, म्हणजे आत घुसलेला एफपीव्ही (कॅमेऱ्यातून बघत चालवलेला छोटा स्फोटक ड्रोन) तिथे फुटतो, माणसांत नाही. दारावर जुन्या घोंगड्याचा जड पडदा. हे थेट एमएएम-एल झेलणार नाही, पण उद्या लढाई पेटली तर आर्मेनियाच्या दक्षिणेकडच्या स्युनिक प्रांतातल्या चौकीला रोजची भीती एफपीव्हीची आणि वरून टाकलेल्या ग्रेनेडची असेल. आधी हे, मग ऐकणारे-बघणारे सेन्सर, मग स्वस्त मारा. क्षेपणास्त्रं त्यानंतर.

वैदर्भीय_बारूद:
पिनाकाला शेवटच्या रांगेत बसवलंत. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने घडवलेली, नागपुरात रॉकेटं बनणारी ही प्रणाली बाहेरचा देश रोख पैसे देऊन घेतो आणि आपलेच लोक नाकं मुरडतात. एक लाँचर ४४ सेकंदांत १२ रॉकेटं टाकतो. सहा लाँचरची बॅटरी म्हणजे ७२. एफपीव्ही चालवणारी टोळी १०-१५ किमी मागे तळघरात बसते. तिथे पोचायला लांब हातच लागतो. नुसतं जमिनीत दडून बसलेलं सैन्य रोज दोन-दोन माणसं गमावत संपतं.

रडारवाला:
बारूदभाऊ, मारा करण्याआधी ती टोळी सापडायला हवी. दोन-तीन माणसं, एक अँटेना आणि बॅटऱ्यांची पेटी एवढाच पसारा असतो. त्यासाठी ७२ रॉकेटं टाकणं परवडत नाही. आर्मेनियाने भारताकडून घेतलेलं स्वाती रडारही इथे उपयोगी नाही. ते रडार तोफगोळ्याचा मार्ग पकडतं, ड्रोन चालवणाऱ्याची खोली नाही. वर ते स्वतः लहरी सोडतं, म्हणजे हारोपला आमंत्रण. थोडा वेळ चालू करायचं, बंद करायचं आणि लगेच जागा सोडायची, ही शिस्त नसेल तर गेलं.

धागाकर्त्यांचंही अर्धवट आहे. ओसाची ५ किमीची मर्यादा सगळे सांगतात, पण ती लाँचरपासून मोजायची असते. २००० मीटरच्या कड्यावर ओसा असेल, तर समुद्रसपाटीपासून साडेपाच किमीवरचं बायरक्तार तिच्या डोक्यावर साडेतीन किमीच असतं. खरी अडचण सत्तरच्या दशकातल्या रडारची. त्याचा गाळणा जमिनीवरून येणारे परावर्तन काढताना ताशी १३० किमीने सरकणारं छोटं लक्ष्यही काढून टाकतो.

युक्रेनने खांबांवर हजारो मायक्रोफोन लावून रशियाच्या शाहेद या लांब पल्ल्याच्या ड्रोनचा आवाज पकडायचं जाळं उभारलं. एक सेन्सर चार-पाचशे डॉलरचा. आर्मेनियाला हे परवडतं. पण स्युनिकमधल्या वोरोतान नदीसारख्या दरीत तळाला लावले तर नदीचा खळखळाट ऐकू येईल, ड्रोन नाही. खिंडीच्या तोंडाशी, वाऱ्याच्या आडोशाला, मायक्रोफोनवर फोमची टोपी घालून लावावे लागतात.

कोकणी_दर्या:
चांगली चर्चा. एक राहिलं, रस्त्यांवरची जाळी. युक्रेनमध्ये रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना आणि वरून जाळी ताणलीत. ब्रिटनीच्या मच्छीमारांनी जुनी जाळी पाठवली. पंखा दोऱ्यात गुरफटला की ड्रोन संपला. आर्मेनियाने हे उद्याच सुरू करावं.

घाटरस्ता_अभियंता:
उद्याच? हिशेब केलात का? रस्ता ८ मीटर रुंद, जाळी ५ मीटर उंच. दोन्ही बाजू आणि छप्पर मिळून १८ मीटर. एका किमीला १८,००० चौरस मीटर जाळी. दर १० मीटरला दोन खांब, म्हणजे किमीला दोनशे. येरेवान–गोरिस–कापान–मेघ्री हा दक्षिणेचा एकुलता रस्ता. २०२१ मध्ये गोरिस–कापानचा तुकडा हातचा गेला, म्हणून तातेववरून वळसा काढावा लागला. तिथे नुसती वळणं.

आता बर्फ. १० सेंमी ओला बर्फ म्हणजे चौरस मीटरला साधारण ३० किलो. त्यातला दहावा हिस्सा दोऱ्यांना चिकटला तरी ८ बाय १० मीटरच्या एका गाळ्यावर २४० किलो. खांब वाकतो, जाळी रस्त्यावर येते, ट्रकच्या चाकात अडकते, आणि मागचा ताफा उघड्यावर थांबतो.

कोकणी_दर्या:
म्हणून छप्पर सपाट ताणायचंच नाही, कौलारू उताराचं करायचं. नायलॉनचा पातळ एकपदरी दोरा घ्यायचा, पीळदार सुतळी नाही. पातळ दोऱ्यावर बर्फ कमी धरतो. आस, म्हणजे जाळीच्या भोकाची रुंदी, १० सेंमीपर्यंत चालते, कारण सात इंची पंख्यांचा ड्रोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३० सेंमीहून मोठा असतो. आणि संपूर्ण रस्ता झाका असं मी म्हटलेलंच नाही.

घाटरस्ता_अभियंता:
"उद्याच सुरू करावं" हे तुमचेच शब्द. पातळ नायलॉन उन्हात कुजतो, आणि २००० मीटरवर ऊन जास्त कडक. शिवाय पहिला ड्रोन भोक पाडतो, दुसरा त्यातून आत येतो. नाहीतर रात्री आत शिरून रस्त्याकडेला उतरून बसतो, मोटरी बंद, कॅमेरा चालू. ट्रक आला की उठतो. जाळीच्या बोगद्यात ट्रकला पळायला जागा नसते.

वैदर्भीय_बारूद:
मूळ विषय राहिला बाजूला आणि इथे मासळीबाजार भरलाय.

कोकणी_दर्या:
तोंड सांभाळून बोला. मच्छीमारांच्या जाळ्यांनी जीव वाचलेत. तुमच्या रॉकेटांनी किती ड्रोन पाडले ते सांगा.

पायदळ_अकरावी:
दोघेही शांत व्हा. काराबाखमधलं डोंगरावरचं शुशी शहर कसं पडलं? अझरबैजानचे कमांडो दरीतून, जंगलातून, हलकी शस्त्रं घेऊन चालत वर आले. धुक्यामुळे बायरक्तारला खाली नीट दिसत नव्हतं. शहर पायदळाने घेतलं. ड्रोनभक्त हे सोयीस्कर विसरतात. आणि पैशाचंच बोलायचं तर २०१९ च्या शेवटी आलेल्या चार सुखोई-३० विमानांचं बोला. त्यांची क्षेपणास्त्रं घेतलीच नव्हती, हे पंतप्रधान पशिन्यान यांनीच मार्च २०२१ मध्ये मान्य केलं. त्या पैशात किती चौक्यांवर छप्पर झालं असतं?

रडारवाला:
शुशीपर्यंत पायदळ पोचलं कारण आधीच्या सहा आठवड्यांत मागचा तोफखाना आणि रसद ड्रोननी मोडून ठेवली होती. दोन्ही मिळून वाचा.

जाळीचा वाद का संपत नाही ते सांगतो. २०२४ पासून फायबरच्या तारेने चालवले जाणारे एफपीव्ही आलेत. मागे १०-२० किमी तार सोडत येतात, रेडिओ नाही, त्यामुळे जॅमर निकामी. डोंगराआड रेडिओ तुटतो म्हणून स्युनिक सुरक्षित, हा युक्तिवादही तिथेच संपला. उरतात छर्ऱ्याची बंदूक, जाळी आणि ड्रोन पाडणारा ड्रोन. पाडणाऱ्या ड्रोनला ३००० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश दाट मिळते. पंख्याची पकड कमी, त्यात थंडीने बॅटरी आणखी उतरते. मैदानात चाललेलं यंत्र तसंच उचलून इथे आणलं तर अर्ध्या वाटेतून परतेल. मोठा पंखा आणि उबदार पेटीत ठेवलेल्या बॅटऱ्या लागतील.

वैदर्भीय_बारूद:
मग तोफा का नकोत? मे २०२५ मध्ये आपल्या एल-७०, झू-२३ आणि शिल्का या विमानविरोधी तोफांनी पाकिस्तानी ड्रोन पाडले ना?

गनर_देवळाली:
पाडले, आणि मलाही तोफाच हव्यात. पण एल-७० ला सुधारित रडार आणि थर्मल कॅमेरा जोडलेला आहे. आर्मेनियाकडच्या जुन्या झू-२३ च्या प्रत्येक नळीला ५० गोळ्यांची पेटी. दोन्ही नळ्या कागदावरच्या वेगाने चालल्या तर तीन सेकंदांत रिकाम्या. गोळ्याला जवळून फुटणारा फ्यूज नाही, थेट लागावा लागतो. थर्मल दुर्बीण आणि नळी फिरवायची मोटर बसवल्याशिवाय रात्री तो नुसता आवाज. अशा सुधारणेवर खर्च करा, मी पाठीशी आहे. पिनाका नको असंही कुठे लिहिलेलं नाही, क्रम लिहिलाय.

घाटरस्ता_अभियंता:
फायबरचं गणित मान्य करावं लागतंय. तेव्हा जाळीला माझा सरसकट विरोध मागे, पण अटींवर. फक्त जिथे ट्रक पहिल्या गिअरमध्ये येतो ती वळणं, पुलांची तोंडं आणि दारूगोळा उतरवायच्या जागा. दर ५० मीटरला बाजूला पळायची फट, तिला जड पडदा. खांब काँक्रीटमध्ये पक्के नकोत. जमिनीत रोवलेल्या पाइपात उभे करायचे, म्हणजे ट्रकने ठोकला तर दहा मिनिटांत बदलता येतो. आणि रोज पहाटे पहिल्या ट्रकच्या आधी दोन माणसं छर्ऱ्याच्या बंदुका घेऊन आतून चालत जातील, दडून बसलेल्या ड्रोनसाठी.

कोकणी_दर्या:
दोन माणसं पुरणार नाहीत. तिसरा सुई-दोरा घेऊन हवा. भोक त्याच दिवशी विणलं नाही तर वाऱ्याने संध्याकाळपर्यंत दुप्पट होतं. बाकी अटी मंजूर.