प्रतिसाद: युजर आयडी तपासताना रेजेक्समधल्या डॉलरच्या चिन्हावर विसंबू नका

वर सुचवलंय की युजर आयडी तपासायला पायथनमध्ये रेजेक्स (मजकूर ठरलेल्या साच्यात, म्हणजे पॅटर्नमध्ये, बसतो का ते बघायची पद्धत) वापरायचा: आकड्यांच्या जागी बॅकस्लॅश-डी लिहायचं, 'इथे मजकूर संपला' हे सांगायला शेवटी डॉलरचं चिन्ह लावायचं आणि मॅच हे फंक्शन चालवायचं. बहुतेक वेळा चालतं, पण दोन फटी राहतात.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ॲपमध्ये आयडी म्हणजे विंगचं अक्षर आणि पुढे फ्लॅटचे चार आकडे. एका काकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता, त्यांनी आकडे '१२०४' असे देवनागरीत टाकले. पॅटर्न पास! कारण पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश-डी युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक स्वीकारतो. डेटाबेसमध्ये मात्र इंग्रजी आकडे, त्यामुळे 'सदस्य सापडला नाही'. काका बिचारे तीच अक्षरं पुन्हा पुन्हा तपासत बसले. (जावास्क्रिप्टमध्ये हे होत नाही, तिथे बॅकस्लॅश-डी म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ.) म्हणून चौकटी कंसात शून्य ते नऊ ही रेंज स्पष्ट लिहा. त्याहून बरं म्हणजे देवनागरी आकडे आधी इंग्रजीत बदलून घ्या. मराठीत टाइप करणाऱ्याला अडवायचं कशाला?

दुसरी फट डॉलरची. पायथनमध्ये तो शेवटच्या न्यूलाइनच्या (नवी ओळ सुरू करणाऱ्या अदृश्य चिन्हाच्या) आधीही जुळतो, म्हणजे एक्सेलमधून कॉपी करताना मागे लागलेली न्यूलाइन आत घुसते. मॅचऐवजी फुलमॅच वापरा, ते अख्खा मजकूर साच्यात बसतो का ते बघतं; पायथन ३.४ पासून आहे.

आणि रेजेक्स फक्त साचा बघतो. आधारचे १२ आकडे साच्यात बसले तरी शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून व्हरहॉफ पद्धतीने (टायपिंगच्या चुका पकडायचं एक गणित) निघतो, तो हिशोब वेगळ्या फंक्शनमध्येच करावा लागेल.