डाइव्ह टेबल शिकवणं बंद झालं ते बरं झालं का?

खारा_वारा:
पूर्वी स्कूबाच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्सला डाइव्ह टेबल, म्हणजे किती खोलीवर किती वेळ राहता येतं त्याचे तक्ते, घोटून घ्यायचे. खोली, वेळ, दोन डाइव्हमधली विश्रांती, अंगात उरलेला नायट्रोजन. आता हा हिशेब आपोआप करणारा कॉम्प्युटर मनगटावर बांधला की झालं. एकाच रेग्युलेटरवर (टाकीतली हवा तोंडाने घ्यायचं उपकरण) दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा सरावही बहुतेक ठिकाणी गेला. उपकरणं सुधारली, शिकणारा मात्र कच्चा राहिला. १८ मीटरवर स्क्रीन बंद पडली तर हा काय करणार?

निवांत_पाणबुडा:
काय करणार? सावकाश वर येणार, डाइव्ह संपली! टेबलाचा हिशेब सगळा वेळ सर्वांत खोल ठिकाणीच काढला असं धरतो. ५ मिनिटं १८ मीटरवर आणि बाकी वेळ ८ मीटरवर मासे बघत काढलात, तरी हिशेब १८चाच. टेबलं काही वेदवाक्य नव्हती. अमेरिकी नौदल मिनिटाला १८ मीटर वेगाने वर या म्हणायचं, १९९३ला ते ९वर आलं.

आणि जुन्या दिवसांचं कौतुक करताना जे-व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीवरची राखीव हवेची झडप, आठवा. किती हवा उरली ते दाखवणारं गेज नाहीच. श्वास जड लागला की पाठीकडची सळई खाली ओढायची, मग राखीव हवा सुटायची. तीच सळई उतरताना कशात अडकून आधीच खाली आलेली असली तर? राखीव हवा केव्हाच वापरून संपलेली, आणि ते कळणार ओढूनही काही न आल्यावर.

खारा_वारा:
गेजला माझा विरोध कुठे आहे? बडीला, म्हणजे सोबतच्या पाणबुड्याला, पिवळा ऑक्टोपस (जादा रेग्युलेटर) देणं केव्हाही बरं. पण १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून टाकी निम्म्या वेळात संपते, हे डोक्यात बसायला हाताने आकडेमोड करावी लागते.

किनाऱ्यावरचा:
तुमचं कोर्सवरून चाललंय. आमच्या मालवणात येणारे बहुतेक कोर्स करतच नाहीत. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, पण पर्यटकाला रील हवी. होडीत चार खुणा सांगायच्या, कान मोकळे करायला आणि श्वास न रोखायला शिकवायचं, मग गाइड टाकी धरून खाली नेतो. तिथे पाव्हणा कॅमेऱ्याला ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवतो. पाण्यात त्याचा अर्थ ‘वर चला’!

खारा_वारा:
कोर्स केलेलेही कमी नाहीत. दोघांत मिळून एकच कॉम्प्युटर घेऊन उतरणारं जोडपं पाहिलंय. एक खाली, दुसरा चार मीटर वर.

निवांत_पाणबुडा:
ते चूकच. पण दोष शिकवणाऱ्याचा. टेबल शिकवलं असतं तर तेही दोघांत एकच वापरलं असतं.

खारा_वारा:
टेबल दोघांत चालायचं हो, कारण उतरण्याआधी दोघं बसून बेत ठरवायचे. तेच तर म्हणतोय.