स्वस्तातले काऊबॉयपट आणि कृष्णवर्णीय नायक: कौतुक करायचं की नाही?

निवांत_नाना
काल रात्री यूट्यूबवर 'द ब्रॉन्झ बकारू' (१९३९) पाहिला. जेमतेम तासाभराचा. कथा यथातथा, मारामाऱ्या लुटुपुटूच्या. पण नायक हर्ब जेफ्रीज, आणि त्याच्या भोवती झाडून सगळे कृष्णवर्णीय. खऱ्याखुऱ्या काऊबॉयांत दर चारांत एक काळा होता, असा इतिहासकारांचा अंदाज सांगतात. मोठ्या स्टुडिओंनी त्याला पार गाळला, या फाटक्या खिशाच्या लोकांनी घोड्यावर बसवला. माझ्या मते हेच जास्त खरे वेस्टर्न (म्हणजे काऊबॉयपट).

तिरकस_तात्या
साफ असहमत. जेफ्रीजचा पहिला काऊबॉयपट 'हार्लेम ऑन द प्रेअरी' (१९३७). निर्माता जेड ब्युएल. याच गृहस्थाने १९३८ साली 'द टेरर ऑफ टायनी टाऊन' काढला: सगळे कलाकार बुटके, शेटलंड तट्टांवर स्वार! याला प्रतिनिधित्व म्हणता? जत्रेतल्या तंबूचा हिशोब आहे हा, दरवर्षी नवं काहीतरी दाखवायचं. आणि हार्लेम ही न्यूयॉर्कातली काळ्यांची वस्ती. तिथे कुठली आली प्रेअरी, म्हणजे कुरणं?

निवांत_नाना
नाव गल्ल्यासाठी होतं, मान्य. पण तिकीट कोण काढत होतं ते बघा की. काळ्या प्रेक्षकांची थिएटरं तेव्हा वेगळी होती. जेफ्रीज एक आठवण सांगायचे: एक काळा पोरगा रडत होता, कारण खेळात त्याला टॉम मिक्स (तेव्हाचा लोकप्रिय गोरा काऊबॉय-नट) व्हायचं होतं आणि गोरे मित्र म्हणाले, टॉम मिक्स काळा नाहीये. त्या पोरासाठी ब्युएलचा हेतू काय होता याला काडीची किंमत नाही.

चहाटळ
नाना, 'ब्रॉन्झ बकारू'मधल्या त्या बोलणाऱ्या खेचराचं सोयीस्कर विसरलात! नायकाचा सोबती डस्टी खेचर बोलतं असं समजून ते विकत घेतो, आवाज मात्र शेजारी उभा असलेला भामटा काढत असतो. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण घाबरट, भोळसट काळा गडी हा गोऱ्यांच्या सिनेमातला जुनाच साचा, इथे जसाच्या तसा.

तिरकस_तात्या
+१. नायक बदलला, गडी तोच.

निवांत_नाना
गोऱ्या नायकांचे सोबतीही वेंधळेच असायचे हो. फरक इतकाच की इथे त्याच्या शेजारी शहाणा नायक, खलनायक, सगळे काळेच. एकट्या वेंधळ्यावर जमातीची अब्रू टांगलेली नाही.

मु_पो_न्यूजर्सी
अमेरिकेतल्या मूळनिवासींचं (रेड इंडियनांचं) कुणी बोलतच नाहीये. जेम्स यंग डीअर हा मूळनिवासी दिग्दर्शक १९१० च्या सुमारास पाथे या फ्रेंच सिनेमा कंपनीसाठी छोटे वेस्टर्न काढत होता. 'व्हाइट फॉन्स डिव्होशन' (१९१०) आजही पाहायला मिळतो, दहा-अकरा मिनिटांचा. तात्या, तुमच्या कुरणांचं म्हणाल तर तो आमच्या न्यू जर्सीत चित्रित झालाय. हार्लेमहून नदी ओलांडली की आलंच!

तिरकस_तात्या
हा बघतो. पण बुटक्यांच्या सिनेमाबद्दल नानांनी अजून उत्तर दिलेलं नाही, याची नोंद असावी.