पाइपमधून किती डेटा गेला ते बघायला पीव्ही, डीडी की एमबफर?

प्रश्न
सुमारे ४०० जीबीची डिरेक्टरी टार करून (एकत्र बांधून), जीझिपमधून (कॉम्प्रेस करून) एसएसएचने (सुरक्षित रिमोट जोडणीने) दुसऱ्या मशीनवर टाकायची आहे, सगळं पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला देत. कमांड सुरू झाली की स्क्रीन गप्प. किती गेलं, किती उरलं आणि मुख्य म्हणजे डिस्क, जीझिप, नेटवर्क यांतलं कोण अडवतंय, हे कळायला हवं. कुठलं टूल बरं?

प्रतिसाद १
पीव्ही (पाइपमधून जाणारा डेटा मोजून दाखवणारं टूल), आणि तेही टार व जीझिपच्या मधे. जीझिपनंतर लावलंत तर कॉम्प्रेस झालेले बाइट मोजले जातील. ते एकूण किती होणार हे कुणालाच ठाऊक नसतं, मग उरलेला वेळ कशावरून काढणार? पाइपमधल्या डेटाचा आकार पीव्हीला आधी कळत नाही, तो आपणच '-एस'ने द्यायचा. 'डीयू -एसबी'चा (डिरेक्टरीचा बाइटमधला आकार सांगणारी कमांड) आकडा चालतो. टार प्रत्येक फाइलमागे ५१२ बाइटचं हेडर (फाइलीचं नाव वगैरे माहिती) लावतं (दहा लाख फाइली म्हणजे नुसती हेडरंच ५१२ एमबी), त्यामुळे १०० टक्के दिसल्यावरही थोडा वेळ डेटा येत राहतो. तेव्हा कंट्रोल-सी दाबू नका.

प्रतिसाद २
डीडी ही डेटा ब्लॉक-ब्लॉकने कॉपी करणारी कमांड. तिचं 'स्टेटस=प्रोग्रेस' जीएनयू कोअरयूटिल्स (लिनक्सच्या मूळ कमांडांचा संच) ८.२४ पासून आहे, पण टक्केवारी देत नाही. पाइपवर आणखी एक खोच: लिनक्सचा पाइप मुळात ६४ केबीचा, त्यामुळे 'बीएस=१एम' (ब्लॉकचा आकार) दिलं तरी एका रीडमध्ये पूर्ण ब्लॉक येत नाही. सोबत 'काउंट' (किती ब्लॉक घ्यायचे) असेल तर डेटा कापला जातो. 'आयफ्लॅग=फुलब्लॉक' (ब्लॉक पूर्ण भरेपर्यंत वाच) हवंच. चालू डीडीला यूएसआर१ सिग्नल देऊन आकडे मागायची सवय मॅकवर नेऊ नका, तिथे डीडी मरतो, तिथे कंट्रोल-टी.

'प्रोग्रेस' नावाचं टूल उघड्या फाइलीतली जागा वाचतं. पाइपला तशी जागाच नसते, तेव्हा इथे ते बाद.

प्रतिसाद ३
कोण अडवतंय हे पीव्हीच्या वेगावरून कळत नाही. पाइप भरला की लिहिणारा थांबतो, म्हणजे सगळी साखळी सर्वांत मंद कडीच्याच चालीने चालते. त्यासाठी 'एमबफर -एम १जी' (दोन कमांडांमधे डेटा साठवून ठेवणारा १ जीबीचा बफर) मधे घाला आणि वेग सोडून बफर किती भरलाय ते बघा. भरलेला राहिला तर पुढचा मंद, रिकामा राहिला तर मागचा. सुरुवातीला बफर भरेपर्यंतचे आकडे धरू नका.

प्रश्नकर्ता
टार-जीझिपमधला बफर ९९ टक्के, जीझिप-एसएसएचमधला ० ते १. म्हणजे जीझिपच?

प्रतिसाद ३
तोच. जीझिप एकाच कोअरवर चालतो. टॉपमध्ये (चालू प्रोग्रॅमचा सीपीयू वापर दाखवणारी कमांड) १०० टक्क्यांना टेकलेला दिसेल. त्याजागी पिग्झ (अनेक कोअर वापरणारा जीझिप) घाला, '-पी'ने कोअर ठरवा आणि पुन्हा मोजा. आता दुसराच कुणीतरी अडवत असेल.

प्रतिसाद १
क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) टाकणार असाल तर: पीव्हीचा मीटर स्टँडर्ड एररवर (संदेशांसाठीचं वेगळं आउटपुट) जातो आणि समोर टर्मिनल नसेल तर दिसतच नाही. '-एन' (स्मॉल) दिलं की नुसते आकडे लॉगमध्ये पडतात. बॅशमध्ये 'पाइपफेल' चालू ठेवा, नाहीतर टार मधेच पडला तरी शेवटची कमांड यशस्वी म्हणून सगळं यशस्वी दिसेल.